न तुटलेली चिप

१

तपासनीस बाईंनी मशीनवरचं सील तोडलं तेव्हा अपघाताला दहा दिवस उलटले होते. लेथच्या जबड्यात पोलादी दांडा अजून तसाच अडकलेला होता, अर्धवट कापलेला. रक्त कुणीतरी पुसून घेतलं होतं. ज्यानं पुसलं ते फडकं मात्र मशीनखालीच राहिलं होतं, वाळून कडक झालेलं.

बाईंच्या नोकरीतला हा एकेचाळिसावा हात. सुरक्षा खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यात हातच जास्त, मग बोटं, एकदा डोळा. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि उजवा गुडघा जिन्याच्या प्रत्येक पायरीला कुरकुरत होता. अहवालाचं शेवटचं वाक्य काय असणार हे त्यांना आताशा फाटक ओलांडतानाच माहीत असायचं. "मानवी हलगर्जीपणा." फक्त माणसाचं नाव घालायचं बाकी.

या वेळी नावही तयार होतं. आणि ते माणसाचं नव्हतंच.

"मॉडेल चुकलं," विभागप्रमुख म्हणाले. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "सगळं या एका पानात आहे, मॅडम. वाचा आणि मोकळ्या व्हा."

प्रकरण असं होतं. लेथवर पोलाद फिरतं, धारदार टूल त्याच्यात घुसतं आणि पोलादाची साल निघत जाते. कारखान्यात तिला चिप म्हणतात. ती तुटून तुकडे झाले तर ते निमूट लेथखालच्या तबकात पडतात. नाही तुटली, तर वस्तऱ्यासारखी धार असलेली लांबच लांब फीत तयार होते आणि फिरत्या दांड्याबरोबर चाबकासारखी फिरते. कुठली चिप तुटेल आणि कुठली नाही, हे वरच्या मजल्यावरची एक इंजिनियर बाई संगणकावर काढायची. सगळे तिला मॉडेलवाली म्हणत. पोलादाचे ती हजारो बारीक चौकोन पाडायची, आणि टूल घुसल्यावर त्यातला प्रत्येक चौकोन किती दबेल, किती तापेल, कुठे फाटेल याचं गणित मांडायची. तेच मॉडेल.

तिचं गणित खरं ठरतं का, हे अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपायचं ठरलं. कॅमेऱ्याला आतलं दिसावं म्हणून मशीनचं संरक्षक दार उघडं ठेवलं. मॉडेल म्हणत होतं, चिप तुटेल. निघाली ती फीत. कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलेल्या, लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या उजव्या मनगटाला ती लागली आणि आतल्या शिरा कापत गेली.

मॉडेलवालीला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं.

"मॉडेल तुम्हीच सुरू केलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"वीस वर्षांपूर्वी. म्हणून तर जिवाला लागतंय." प्रमुखांनी चष्मा पुसला. "पण मशीन ठीक, पोलाद ठीक, टूल ठीक. मग उरतं काय?"

बाईंना घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. दारातून बाहेर पडताना मात्र त्यांची नजर तबकाकडे गेली आणि त्या थांबल्या.

तबकात मूठभर तुकडे पडले होते. आखूड, वाकडे, निळसर. म्हणजे चिप तुटत होती. मॉडेल म्हणालं होतं तशीच तुटत होती. मग एकाएकी तुटायची का थांबली?

२

"माझ्या पोलादावर आळ घेऊ नका हं," स्टोअरवाले आप्पा आधीच म्हणाले. बाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं. "बावीस वर्षांत चुकीचा माल खिडकीबाहेर गेला नाही. बायकोनं भाजीची पिशवी मागितली तरी मी सही घेतो."

दांड्याचा तुकडा तपासून आलाच होता. पोलाद बरोबर होतं. त्या वेळी आप्पा बाकीच्या पाळीबरोबर चहाला गेले होते. दुसऱ्या मशीनांच्या हादऱ्यानं कॅमेरा हलू नये म्हणून चाचणी मुद्दाम चहाच्या सुट्टीत घेतली होती.

"मग खाली कोण होतं?"

"नेमकेराव आणि त्याचे भाऊजी. दोघंच."

नेमकेराव म्हणजे जखमी टर्नर. किती वाजले विचारलं तर हा "तीन वाजून सात" सांगणार, पाच मिनिटांत येतो म्हणाला तर सहावं मिनिट लागू देणार नाही. म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं. आणि भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, या खात्याचा फोरमन. त्यानंच मेव्हण्याला लेथसमोर उभं करून काम शिकवलं होतं.

फोरमन पन्नाशी ओलांडलेला, रुंद हातांचा माणूस. दहा दिवस झोपला नसावा असे डोळे.

"मी टूलरूममध्ये होतो. धार लावायचा ग्राइंडर चालू होता, दार लावलेलं होतं. किंकाळी ऐकून धावलो, लाल बटण दाबलं, त्याला खाली बसवलं, मनगट बांधलं. मग साहेब आले, बाकीचे आले."

"साहेब कुठून आले?"

"वरून. फोनवर होते म्हणे."

ते खरं होतं. टेलिफोन ऑपरेटरच्या वहीत प्रमुखांचा फोन तीन दहा ते तीन एकवीस असा नोंदलेला होता. अपघात तीन अठराचा. मॉडेलवालीच्या कार्डाची नोंदही वरच्याच दाराची होती. ती जिना उतरलीच नव्हती.

"फीडचा नॉब?" बाईंनी विचारलं. टूल किती जलद पुढे सरकायचं, ते या नॉबवर कमीजास्त करता येतं. शंभरवर ठेवला की ठरवलेला वेग, खाली आणला की हळू. मशीन जुनं होतं, नॉब कधी कुठे होता याची नोंद ते ठेवत नव्हतं.

"शंभरवर. साहेबांनी फोटोच काढलाय." फोरमननं तळहात पँटला पुसले. "मला सांगा मॅडम, इतक्या हळू आवाजात चाललेलं काम. त्यात असं काही होईल असं कुणाला वाटलं असतं का? त्या वरच्या संगणकाला काय, चूक झाली तरी रक्त येत नाही."

बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं, शब्दाला शब्द. ही त्यांची जुनी खोड होती. दमलेल्या माणसाला विचार करता येत नाही, लिहिता येतं.

३

मॉडेलवालीच्या घरी दार सासूबाईंनी उघडलं. "या. सून दहा दिवस घरात आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, एवढी सलग मी तिला पहिल्यांदाच बघतेय."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सून बसली होती. समोर मुलीची शाळेची वही, पण मुलगी उठून गेली होती आणि ही मुलीची बेरीज सोडवत होती.

"मी चुकले असेन," ती आपणहून म्हणाली. "पहिले तीन दिवस मी ओरडून सांगत होते की नाही चुकले. आता मलाच कळेनासं झालंय. रोज गणित उलटं करून बघते. चूक सापडत नाही, म्हणजे मोठी असणार."

बाईंनी पुठ्ठ्याचा डबा टेबलावर ठेवून उघडला. आत ती फीत होती, गुंडाळलेली, चंदेरी. सासूबाईंनी गॅस बारीक केला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

मॉडेलवालीनं फितीला हात लावला नाही. नुसतीच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही निळी का नाही?"

"म्हणजे?"

"दर फेऱ्याला पाव मिलिमीटर फीडनं कापलं तर चिप जाड निघते, तापून निळी पडते. तबकातले तुकडे कसे होते?"

"निळे." बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. कारखान्यातून आणलेला, जाडी मोजायचा मायक्रोमीटरही काढला. आधी तुकडा मोजला, मग फीत. दोनदा मोजली, कारण चष्म्याचा नंबर बदललेला होता.

"तुकडा शून्य पूर्णांक चोपन्न. फीत शून्य पूर्णांक अठरा."

मॉडेलवालीनं मुलीच्या वहीतच आकडे मांडले. "चिप नेहमी कापलेल्या थरापेक्षा जाड असते, दबते ना ती. पाव मिलिमीटरच्या थराची चोपन्न झाली, हे माझ्या गणिताशी जुळतं. पण अठराची फीत..." पेन्सिल थांबली. "ती पाव मिलिमीटर फीडची नाहीच. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची आहे. नॉब तीसवर असला पाहिजे."

"आणि तीसवर चिप तुटत नाही?"

"नाही. जाड पुठ्ठा मुडपला तर मोडतो, पातळ कागद नुसता वळतो. तसंच. मी अहवालात लिहिलंय ना! पान अकरा. ठरवल्यापेक्षा फीड कमी करू नये, चिप अखंड निघेल."

बाईंनी पर्समधला प्रमुखांचा कागद काढून उलगडला. एकच पान, चाचणीआधी खाली मशीनवर दिलेला सारांश. "चिपचे तुकडे होतील. दार उघडे ठेवण्यास हरकत नाही."

"माझी पानं चौदा होती," मॉडेलवाली म्हणाली.

पण फोटोत नॉब शंभरवर होता. म्हणजे कुणीतरी तो खाली आणला होता. आणि कुणीतरी पुन्हा वर नेला होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दांड्यावरून नख फिरवलं. गुडघ्यामुळे वाकवत नव्हतं, म्हणून स्टूल मागवलं.

टूल पुढे सरकताना पोलादावर बारीक रेघा उठतात. फीड मोठा तर रेघा लांब लांब, फीड लहान तर जवळ जवळ. नख आधी कानशीवरून जावं तसं खरखरत गेलं. मग शेवटाला अचानक घसरलं. गुळगुळीत.

भिंग लावून त्यांनी रेघा मोजल्या. गुळगुळीत पट्टीत दर मिलिमीटरला तेरा. म्हणजे तीसच टक्के. पट्टीची लांबी पंधरा मिलिमीटर. दांडा मिनिटाला चारशे फेरे घेत होता, त्या हिशेबानं तीस टक्क्यांवर टूल मिनिटाला तीस मिलिमीटर पुढे सरकतं.

म्हणजे अर्धं मिनिट. मशीन बंद व्हायच्या फक्त अर्धं मिनिट आधी नॉब खाली आला होता.

प्रमुख फोनवर, मॉडेलवाली वर, फोरमन टूलरूममध्ये, बाकीचे चहाला. अर्ध्या मिनिटाच्या अंतरात मशीनपाशी एकच माणूस होता: नेमकेराव. आणि मनगट कापल्यावर त्याला नॉब फिरवणं शक्य नव्हतं. तो परत शंभरवर नेणारा, फोटोच्या आधी मशीनपाशी पोचलेला, एकच: त्याचे भाऊजी.

चित्र साफ होतं. मेव्हण्यानं स्वतःच फीड कमी केला, आपल्याच हातानं आपला हात गमावला. तसं लिहिलं गेलं असतं तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं असतं. म्हणून भाऊजींनी नॉब वर केला आणि मॉडेलवालीचा बळी दिला.

बाईंनी सुस्कारा सोडला. शेवटी वाक्य तेच. मानवी हलगर्जीपणा.

५

इस्पितळात नेमकेरावाचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. बायको औषधं आणायला खाली गेली होती. बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं: फीत, रेघा, अर्धं मिनिट.

तो छताकडे बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "हो. मीच कमी केला. भाऊजींचा काही संबंध नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं, एवढंच."

"कशासाठी कमी केलात?"

"कॅमेऱ्यात नीट दिसावं म्हणून."

"कितीवर आणलात?"

"पन्नासवर."

बाईंनी लिहून घेतलं, त्याची उशी सरळ केली, आणि निघाल्या. जिन्याच्या चौथ्या पायरीवर गुडघा अडखळला म्हणून कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि तिथेच त्यांच्या लक्षात आलं.

पन्नास नव्हे. तीस.

दुसरा कुणी असता तर विसरला म्हणता आलं असतं. पण हा माणूस वेळ विचारली तर मिनिटासकट सांगतो. जो नॉब त्यानं स्वतःच्या बोटांनी फिरवला असता, त्याचा आकडा सांगताना तो वीस टक्क्यांनी चुकला नसता. त्यानं आवाजावरून अंदाज केला होता. डोळा कॅमेऱ्यात होता, आणि नॉब दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

त्या खालच्या बाकावर बसल्या आणि वही मागे चाळत गेल्या. फोरमनची जबानी सापडली. "इतक्या हळू आवाजात चाललेलं काम."

ग्राइंडर चालू, दार बंद. मग मशीनचा आवाज हळू झाला, हे याला कळलं कुठून?

६

टूलरूममध्ये जाऊन बाईंनी दार लावलं आणि ग्राइंडर चालू केला. फोरमन बघत राहिला. त्या काहीतरी म्हणाल्या. त्यांचे फक्त ओठ हललेले दिसले. मग त्यांनी ग्राइंडर बंद केला.

"मी विचारलं, हळू झालेला आवाज इथून ऐकू आला होता का?"

फोरमन खाली बसला. स्टूल होतं तरी जमिनीवरच बसला.

"मशीनचं दार उघडं होतं," तो म्हणाला. "तो असा वाकलेला, तोंड आत. मशीन खडाखडा वाजत होतं. माझ्या बायकोचा एकुलता भाऊ आहे मॅडम तो. सासूबाई गेल्या तेव्हा दहा वर्षांचा होता, आमच्याच घरी वाढला. मला बघवेना. म्हटलं, जरा हळू चालू दे, काही झालंच तर सावरायला वेळ मिळेल. तीसवर आणलं."

"ते काही म्हणाले नाहीत?"

"डोळा कॅमेऱ्याला होता. नुसता डावा हात हलवला, जा म्हणून. मी पाठ फिरवून दहा पावलं गेलो असेन."

"आणि परत शंभरवर?"

"त्याचं मनगट बांधलं आणि उठताना हात गेला. काम थांबलं की नॉब शंभरवर आणायचा, तीस वर्षांची सवय. खरं सांगतो, तेव्हा लपवायचं मनात नव्हतं. नंतर साहेब म्हणाले, नॉब शंभरवर आहे म्हणजे मॉडेलचीच चूक. मी नाही म्हटलं नाही. तिथे लपवलं. आणि मग रोज लपवत गेलो." त्यानं वर बघितलं. "पण मॅडम, हळू केल्यावर धोका कमी व्हायला हवा होता ना? मला एवढंच कळत नाही. दहा दिवस तेच डोक्यात फिरतंय. कमी व्हायला हवा होता ना?"

याचं उत्तर त्याला कुणी दिलंच नव्हतं. ते पान अकरावर होतं.

त्याच दुपारी बाईंनी मॉडेलवालीला बोलावून घेतलं आणि फोरमनला जिना चढायला लावला. तीस वर्षांत तो त्या खोलीत पहिल्यांदाच येत होता. दारात त्यानं बूट पायपुसण्यावर पुन्हा पुन्हा घासले.

मॉडेलवालीनं त्याच्याकडे बघितलं नाही. पडद्यावर रंगीत चौकोनांचं पोलाद उमटलं. टूल आत शिरलं. जाड साल उठली, वळली, पाठीमागे आपटली, तडकली. दुसरी उठली, तडकली. मग तिनं दुसरी फाईल उघडली. या वेळी साल पातळ होती. ती उठली, वळली, आणि तुटली नाही. पडद्याबाहेर वाहतच राहिली.

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?" फोरमननं विचारलं.

"चाचणीच्या कितीतरी आधीच काढलं होतं." ती आता त्याच्याकडे वळली. "काका, माझी मुलगी शाळेतून येऊन विचारते, आई, तुझ्यामुळे कुणाचा हात तुटला का? मी काय सांगायचं? दहा दिवस तुम्हाला ठाऊक होतं."

"माझ्याकडे बोलायला काही नाही, बाई."

"मग लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. अक्षर मोठं आणि वाकडं होतं, पण एकही शब्द खोडला नाही.

प्रमुखांना अहवालात स्वतःचंही नाव दिसलं तेव्हा ते चिडले नाहीत, नुसते थकल्यासारखे हसले. "मॅडम, खाली मशीनवर अकरावं पान कोण वाचतं?"

"तुम्ही वाचलं होतंत," बाई म्हणाल्या. "दार उघडं ठेवायचं होतं, म्हणून गाळलंत. फोरमनला ते एक वाक्य मिळालं असतं तर त्यानं नॉबला हात लावला नसता."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते नेहमीचं शेवटचं वाक्य लिहिलं नाही. त्याऐवजी कोणी काय केलं, ते क्रमानं लिहिलं. अहवाल दोन पानांनी वाढला. मॉडेलवालीला सोमवारपासून कामावर घ्यावं, हे त्यांनी अधोरेखित केलं.

७

बाईंच्या मुलीचा फोन आला, "आई, आज तरी वेळेवर ये." बाई हो म्हणाल्या आणि फोरमनबरोबर इस्पितळात गेल्या. तो एकटा जायला तयार नव्हता.

नेमकेरावानं दोघांना एकत्र येताना बघितलं आणि डोळे मिटले.

"सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"सांगितलं."

"कशाला? मी घेतलं होतं ना माझ्यावर. हात तर गेलाच आहे. डॉक्टर म्हणतात, दोन बोटं वळणार नाहीत. आता तुमचं घर कशाला..." तो थांबला. "ताईला?"

"तिला नाही अजून."

"मग इथे काय करताय? आधी घरी जा. हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती तुमचं तोंड बघणार नाही. माझंही नाही."

फोरमन खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं मेव्हण्याच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं, ते आधीच सारखं होतं, आणि तो निघाला. व्हरांड्यात त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली, मग जिना उतरून गेली.

"रागावलायत त्यांच्यावर?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," नेमकेराव म्हणाला. "खरंच माहीत नाही, मॅडम."

त्याच्या उजव्या बाजूला पाण्याचा पेला होता. डावा हात सलाइनला बांधलेला. बायको यायला अजून अवकाश होता. त्यानं पेल्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

तपासनीस बाईंनी पर्स खाली ठेवली, खुर्ची त्या बाजूला सरकवली, आणि त्याची मान हलकेच उचलून पेला ओठांशी धरला. तो घोट घोट प्यायला. बाई बसून राहिल्या.